एकतीस नंबर

रंगांच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवू नये, हे नांदुऱ्याच्या भाजीबाजारातल्या बायासुद्धा जाणून होत्या. लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग मला जन्मापासून एकच दिसत आले, चिंचेच्या कोळासारखे. टोमॅटो पिकलेला की कच्चा ते मी दाबून ठरवायचो. "सर, ते कच्चे हायेत, ठेवा खाली," असं बाया परस्पर सांगायच्या आणि मी मुकाट्यानं ठेवायचो.

नांदुऱ्यात असा डोळा घेऊन जन्माला येणं म्हणजे थट्टाच. मेन लाइनवरचं गाव, इथल्या प्रत्येक पोराला एकदा तरी रेल्वेत लागायचं असतं. माझे वडील पंजाबराव फाटकावर होते. लाल आणि हिरवी झेंडी आयुष्यभर त्यांच्या हातात होती आणि त्यांच्याच पोराला त्यातली लाल कोणती ते कळत नव्हतं. लेखी परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झालो. मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक काढलं. त्यात रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेले असतात. पानामागून पान मी "काही नाही, साहेब" म्हणत गेलो. मग एक पान आलं आणि मला आकडा लख्ख दिसला. "पंचेचाळीस!" मी जवळजवळ ओरडलोच.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "ज्यांचे डोळे चांगले असतात त्यांना या पानावर काहीच दिसत नाही. हा आकडा फक्त तुमच्यासारख्यांना दिसतो."

या वाक्याचा मला कितीतरी वर्षं राग होता. पुढं याच वाक्याला धरून मला जगावं लागलं.

रेल्वे गेली ती गेली. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवायला लागलो. धम्मरत्न सर म्हणजे लॅबवाले सर. लॅबच्या मागं जिनिंग आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की खिडकीतून बारीक भुरा आत येतो आणि कीबोर्डात जाऊन बसतो. फुंकर मारून मारून माझे गाल दुखतात. आमची मशिनं जुनी, त्यांच्यावर काळ्या पडद्याची पद्धत चालते. माऊस बाजूला ठेवायचा आणि हुकूम टाइप करायचा. 'एलएस' ही दोन अक्षरं मारली की आतल्या सगळ्या नावांची यादी समोर येते आणि प्रत्येक नावाला त्याच्या जातकुळीप्रमाणे रंग असतो. फोल्डर निळा. चालणारा प्रोग्रॅम हिरवा. आणि ज्याचं नाव तर आहे, पण ते ज्याच्याकडं बोट दाखवतं ते जागेवरच नाही, असं नाव लाल. म्हणजे चालता प्रोग्रॅम आणि मेलेलं नाव, माझ्या लेखी दोन्ही चिंच.

यावर इलाज केला तो माझ्या मुलीनं. महामाया तिचं नाव, घरात माया. ती लहान असताना मी तिला रंग शिकवायला बसलो होतो, तेव्हा माझी बायको समता पोट धरून हसली होती. मग झालं उलटंच. पोरगीच मला रंग सांगायला लागली. केळं पिवळं हे मला दिसतं, पण पेरू कोणता, पाटी कोणती, शेजारणीची साडी कोणती, सगळं मायाच्या तोंडून. "ही माही ओढणी पोपटी हाये बाबा. तुमाले कोणती दिसते?" मी म्हणायचो, "चिंचेची." एवढ्याशा बोलण्यावर ती दर वेळी नव्यानं हसायची. एकदा तिनं ते ठिपक्यांचं पान इंटरनेटवर शोधून माझ्या मोबाइलमध्ये टाकलं. मी पंचेचाळीस वाचलं. तिला काहीच दिसलं नाही. "जिंकले तुमी," म्हणाली. त्या पानावर मला जिंकलो म्हणणारी ती पहिलीच.

ती आमच्याच कॉलेजात बीएस्सीला आली आणि गेल्या उन्हाळ्यात तिनं माझ्यासाठी रंगांची फाइल बसवली. काळ्या पडद्यावर प्रत्येक रंगाला नंबर असतो. एकतीस लाल, बत्तीस हिरवा, तेहतीस पिवळा, चौतीस निळा. ती एकेक नंबर लावून विचारायची, "हा दिसते?" फोल्डर निळेच ठेवले. "आपला रंग हाये, राहू द्या," म्हणाली. चालणारे प्रोग्रॅम पिवळे केले, मेलेली नावं पांढरी. प्रत्येक ओळीपुढं तिनं शेरा मारला होता: 'बाबांना दिसतो'. एकतीसपुढं लिहिलं होतं: 'बाबांसाठी नाही'.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. माया झाली त्या दिवशी समतानं मला 'मायाचे बाबा' करून टाकलं आणि घरात माझं दुसरं नावच उरलं नाही. संध्याकाळी आम्ही बापलेक स्टेशनचा पूल ओलांडून घरी यायचो. पुलावर मधोमध थांबायचं, जलंब स्टेशनच्या बाजूला दूर दिसणाऱ्या सिग्नलकडं पाहायचं आणि मी विचारायचं, "कोणता?" माया म्हणायची, "लाल. थांबा." नाहीतर, "हिरवा. चला." रेल्वेनं मला जे दिलं नाही ते माझ्या पोरीनं रोज पुलावर दिलं. मी सुखी माणूस होतो आणि मला ते माहीतही होतं.

डिसेंबरात एका सकाळी विद्यार्थ्यांच्या फोल्डरांची यादी काढली. सगळी नावं निळी आणि त्यात एक वेगळंच. कुलदीप.

ते निळं नव्हतं, पिवळं नव्हतं, पांढरं नव्हतं आणि चिंचही नव्हतं. मी आयुष्यात न पाहिलेला रंग होता. त्या नावाला ऊब होती. रंगाला ऊब असते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी घाबरलो वगैरे नाही. फोल्डर कुणालाही लिहायला मोकळं राहिलं तर त्याचा रंग बदलतो, ते आधी तपासलं. तसं काही नव्हतं. रंगांची फाइल पाहिली, जशीच्या तशी. मॉनिटरची वायर काढून लावली. दुसऱ्या मशिनवर बसलो, तिथंही तेच. शेवटी गणिताच्या शंतनु सरांना हाक मारली. माझा जुना मित्र, पण थट्टेची एक संधी सोडेल तर शपथ.

"निळंच आहे की," तो म्हणाला. "बाकीच्यांसारखं. डोळा आणखी बिघडला की काय तुझा? एक तर आधीच आनंद."

कुलदीप वरवट बकालचा. एसटीनं यायचा, कोपऱ्यातल्या मशिनवर बसायचा आणि सगळ्या लॅबशी गप्पा मारायचा. केबल जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आतल्या आठ बारीक तारा रंगांच्या क्रमानं लावाव्या लागतात, ते तो न बघता करायचा. त्या आठवड्यात तो तारा हातात धरून माझ्याकडं आला.

"सर, यातली हिरवी कोणती हो?"

"मले विचारतं काय बे?" मी म्हणालो.

एवढ्या विनोदावर लॅब हसून लोळायला हवी होती. कुणीच हसलं नाही. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. कुलदीप तिथंच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "सकाळपासून लाल अन् हिरवं एकच दिसून राह्यलं, सर."

नंतर शंतनुच्या तासाला मी दाराशी उभा होतो. हजेरी चालली होती. कुलदीपचं नाव आलंच नाही. तो पहिल्या बाकावर बसला होता, वर केलेला हात त्यानं हळूच खाली घेतला. तास सुटल्यावर मी शंतनुला विचारलं.

"कोण कुलदीप?" तो म्हणाला.

मी त्याला ओढत लॅबमध्ये नेलं, यादी काढली. तो पडद्यावर वाकला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "कुठं आहे? या नावाचं काहीच नाही इथं." त्याचं बोट तेव्हा त्या नावावरच होतं.

मला ठिपक्यांचं पान आठवलं. मी खुर्चीवर बसलो. शंतनुनं मला पाणी आणून दिलं. बिचारा खरंच काळजीत पडला होता.

त्यानंतर लॅबमध्ये कुलदीपशी बोलणारा मी एकटाच. तो रोज यायचा. "सर, तुमाले दिसतो ना मी?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा.

"दिसतोस."

"मंग झालं," असं म्हणून तो कोपऱ्यातल्या मशिनवर बसायचा. एकदा सांगत होता, कंडक्टर आता तिकीट मागत नाही. फुकटात येतो म्हणून हसला आणि मग हसता हसता त्याचा चेहरा कसातरी झाला. माया त्याच्याच वर्गातली. मी तिला विचारलं, कुलदीप माहीत आहे का. तिनं थोडा विचार केला. "नाई बाबा. कोन हाये?"

एका रविवारी मी त्याला स्कूटरवर मागं बसवून वरवट बकालला गेलो. त्याची आई जनकाबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. मी कॉलेजातून आलो म्हटल्यावर तिनं हात पुसले, बाजेवर गोधडी टाकली. कुलदीप माझ्या शेजारी बसला. मी विचारलं, घरी कोण कोण असतं.

"मी अन् माही राखी. एकच पोरगी हाये मले. तिच्यासाठी आले काय, कॉलेजाचं सांगाले?"

राखी चहा घेऊन आली. ताटलीत चार कप होते. एक मला दिला, एक आईला, एक स्वतःसाठी खाली ठेवला. चौथा कप हातात धरून ती उभी राहिली, बाजेकडं पाहत.

"हा कोनाचा केला मी?" ती म्हणाली.

"येडी हाये," जनकाबाई हसली. "रोज एक जास्तीचा करते."

कुलदीपनं हात पुढं केला होता. राखीनं तो चहा परत भांड्यात ओतला. मी एकट्यानं परतताना संग्रामपूरच्या अलीकडं स्कूटर थांबवली आणि शेताच्या बांधावर बसून रडलो. परक्या पोरासाठी मी एवढा रडेन असं मला वाटलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी नुसता त्याच्यासाठी रडत नव्हतो. मला भीती वाटायला लागली होती.

ती भीती जानेवारीत पुलावर खरी झाली.

खालून मालगाडी जात होती. ती गेली आणि मी नेहमीसारखं विचारलं, "कोणता?"

माया डोळे बारीक करून सिग्नलकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं वळून, जरा ओशाळून म्हणाली, "बाबा, कोणता असन?"

मी तिचा हात धरला आणि तसाच उलटा फिरलो. कॉलेजचा शिपाई कुलूप लावत होता, त्याला बाजूला सारून लॅब उघडली. एलएस मारलं. निळ्या नावांच्या मधोमध माझ्या पोरीचं नाव त्या उबदार रंगात होतं.

"काय झालं बाबा?" माया मागून विचारत होती. "माहं नाव निळंच तं हाये." मग थांबून म्हणाली, "निळं तरी बरोबर दिसून राह्यलं."

मी समताला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तिच्याकडं नुसता पाहत राहायचो, ती मायाला हाक मारते की नाही म्हणून. पहिले काही दिवस सगळं ठीक होतं. मग एका सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मा..." आणि थांबली. उलथनं हातात धरून ती तशीच उभी होती, जिभेवरचा शब्द गेल्यावर माणूस उभं राहतं तशी. माया दारात होती. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं पाहत होतो.

"आवो," समता म्हणाली. "ऐकलं काय? चहा घ्या."

त्या दिवसापासून मी 'आवो' झालो.

ती भाकरी तिघांच्या अंदाजानं थापायची आणि शेवटची भाकरी टोपलीत टाकताना म्हणायची, "आजबी पीठ जास्तच झालं." ती भाकरी मी ताटात वाढून मायापुढं ठेवायचो. समता ते ताट उचलून न्यायची. मी पुन्हा ठेवायचो. एकदा तिनं ताट उचललं नाही. खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आपल्याले लेकरू झालं नाई, त्याचं दुख मलेबी हाये. पण असं रिकाम्या पाटासंग बोलत बसले तं मी काय करू? कोनाले दाखवू तुमाले?"

पाटावर माया बसली होती. एकोणीस वर्षांची पोर. तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. समतानं तो गुडघा सहज खाजवला.

मी समतावर ओरडणार होतो. मायानं मला अडवलं. "तिले काई म्हणू नका बाबा," ती म्हणाली. "तिचे डोळे चांगले हायेत."

देवाधर्माच्या, भूतबाधेच्या मागं लागणारा मी नव्हे. आमच्या घरात ती पद्धतच नाही. मी माझ्या यंत्राकडं गेलो. माझा हिशेब साधा होता. मायाचं नाव इतरांपेक्षा वेगळं दिसतं हाच घोटाळा असेल, तर इतरांनाही तिचाच रंग द्यायचा. सगळीच नावं तशी झाली की ती वेगळी उरणार नाही. हिशेब वेड्याचा होता हे मला तेव्हाही कळत होतं. बुडत्याला काडीचा आधार.

म्हणून मी तो रंग शोधायला लागलो. माया शेजारच्या स्टुलावर बसायची, कुलदीप कोपऱ्यात. मूळचे रंग लावून पाहिले, मग पुढचे दोनशे छप्पन एकामागून एक. प्रत्येक वेळी फाइलीत नंबर बदलायचा, पडद्यावरची खिडकी बंद करून उघडायची, यादी काढायची. इतर नावं आकाशी झाली, राखाडी झाली, लिंबासारखी झाली. मायाच्या नावासारखं एकही होईना. विद्यार्थी यायचे, माझ्याकडं चोरून पाहायचे आणि आपापलं काम करून जायचे. शंतनु दोनदा येऊन "रजा टाक" म्हणून गेला.

लाल आणि हिरव्याचे नंबर मी वगळत आलो होतो. ती तर चिंच. शेवटी दुसरं काही उरलं नाही तेव्हा मी एकतीस लावला.

"एकतीस नंबर तुमच्यासाठी नाई, बाबा," माया म्हणाली.

"गप बस," मी तिच्यावर खेकसलो. तिच्यावर खेकसण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

सगळी नावं चिंचेच्या कोळात बुडाली आणि त्यात दोनच उबदार राहिली, माया आणि कुलदीप. दुसऱ्या दिवशी फाइल बदलली नाही. तसाच बसून पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशीही. एकदा मायाच्या नावाकडं, एकदा शेजारच्या नावाकडं. या दोहोंत असं काय आहे, एवढंच शोधत होतो. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसून पुन्हा पाहायचो. एकदा मायानं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. गार हात होता. "पुरे करा ना," म्हणाली. मी तिचा हात बाजूला केला.

मग एका दुपारी, जिनिंगचा भोंगा झाला त्या सुमारास, मायाच्या नावाखालचं नाव उबदार झालं. मी डोळे चोळले. त्याखालचंही तसंच झालं. बघता बघता सगळी यादी त्या रंगात न्हाऊन निघाली आणि मायाचं नाव त्यात कुठं आहे ते मला शोधावं लागलं. सगळ्यांसारखंच होतं. तसूभर फरक नव्हता.

मी मोठ्यानं हसलो. खुर्ची सरकवून म्हणालो, "माया, पाह्य!"

स्टूल रिकामं होतं. पाणी प्यायला गेली असेल. कोपऱ्यातल्या मशिनवर कुलदीपही नव्हता. त्याची एसटी आज लवकर असेल.

शंतनु दारातून डोकावला. "अरे, हे काय? सगळी यादी लालेलाल करून ठेवलीस?"

"लाल आहे हे?"

"लालभडक." तो आत आला, माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुला दिसतोय?"

"दिसतोय," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला मिठी मारली. तोही हसला. म्हणाला, "चला, डोळा सुधारला तुझा. सुटलास एकदाचा."

माया पुढं गेली असेल म्हणून मी एकटाच निघालो. आईनं तिला हाक मारली असेल आज, असं माझ्या मनात घोळत होतं. पाय जमिनीवर ठरत नव्हते इतक्या घाईत चाललो होतो. पुलावर मधोमध आलो आणि सवयीनं जलंबकडं पाहिलं.

सिग्नल लाल होता.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. लाल होता, आणि ते मला तिथून, एवढ्या लांबून दिसत होतं. मी कठडा धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं तो बदलला. तो हिरवा असणार. लालाहून अगदीच वेगळा, थंडगार रंग. माझ्या बापानं आयुष्यभर हातात धरलेले दोन रंग.

मी खिशातून मोबाइल काढला. मायानं ठेवलेलं ठिपक्यांचं पान उघडलं.

नुसते ठिपके होते. किती तरी रंगांचे, सुंदर. मी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, तिरपा धरला. त्या पानावर काहीच नव्हतं.

मी पळत घरी गेलो.

समता अंगणात कपडे काढत होती. "काय झालं, आवो?" तिनं विचारलं. मी तसाच बैठकीच्या खोलीत गेलो. माया रोज बसते ती खिडकीजवळची खुर्ची समोर होती.

"माया?"

"इथंच हाये ना, बाबा."

आवाज खुर्चीकडूनच आला. नेहमीचाच, जरा झोपाळलेला.

"उशीर काऊन केला?" ती म्हणाली. "सिग्नल कोणता होता?"

मी मोबाइल खिशात घातला. ती वाट पाहत होती.

"काय मालूम, पोरी," मी म्हणालो. "मले कुठी समजते?"

"बरं," ती म्हणाली. तिला बरं वाटलं असावं. "मंग सांगा, माही ओढणी कोणती?"

खुर्चीवर फक्त ओढणी होती. पोपटी हिरवी.

"चिंचेची," मी म्हणालो.

ती हसली.